पिकविकचा जाडा मुलगा : बालवयातील स्थूलता व निद्राश्वसनरोध यांच्या आकलनाचा इतिहास

प्रस्तावना

बालवयातील स्थूलतेची चर्चा आज प्रामुख्याने आहार, व्यायाम आणि मधुमेह यांच्या अनुषंगाने केली जाते. स्थूल मुलाच्या झोपेचा विचार त्या मानाने क्वचितच होतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. टॉन्सिल्स वाढलेले असल्यास किंवा घशाभोवती मेद साठला असल्यास श्वासमार्ग अरुंद होतो, घोरणे सुरू होते आणि अधूनमधून श्वास काही सेकंद पूर्णपणे अडतो. रक्तातील प्राणवायू घटला की मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास पुन्हा सुरू होतो आणि मूल पुन्हा झोपी जाते. एका रात्रीत हे अनेक वेळा घडते. सकाळी मुलाला त्यातील काहीही आठवत नाही. या विकारास वैद्यकात 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'निद्राश्वसनरोध' हा शब्द योजला आहे.

या विकाराचे वैद्यकीय स्वरूप सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. त्याच्या आकलनाच्या इतिहासात एक विलक्षण विसंगती आढळते, तिचा शोध घेणे हा हेतू आहे. या विकाराचे आधुनिक काळातील सर्वाधिक प्रसिद्ध वर्णन एका मुलाचे आहे. त्या वर्णनावरून विकाराला नाव मिळाले ते मात्र प्रौढांच्या संदर्भात. ज्याच्यामुळे विकार ओळखीचा झाला तो मुलगा रुग्ण म्हणून मान्यता पावण्यास सुमारे १४० वर्षे लागली. या विलंबास उपकरणांचा अभाव कारणीभूत होताच, परंतु तेवढेच कारण पुरेसे नाही. झोपाळू मुलाकडे पाहण्याची समाजाची व शाळेची दृष्टीही त्यास तितकीच जबाबदार होती.

प्राचीन नोंदी

स्थूलता आणि निद्रा यांचा संबंध प्राचीनांच्या नजरेतून सुटलेला नव्हता. कृष्णसागराच्या किनाऱ्यावरील हेराक्लिया या ग्रीक नगरराज्याचा सत्ताधीश डायोनिशियस इसवी सनपूर्व चौथ्या शतकात होऊन गेला. तो इतका स्थूल होता की, झोपेतून त्याला जागे करण्यासाठी वैद्यांनी लांब सुया टोचण्याचा उपाय सुचविला, अशी हकिकत पुढील काळातील ग्रीक लेखकांनी नोंदविली आहे.

आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात ज्या आठ प्रकारच्या शरीरांना निंदित म्हटले आहे, त्यांत अतिस्थूल व अतिकृश यांचा विशेष विचार आहे. अतिस्थौल्याच्या कारणांमध्ये गोड व स्निग्ध आहार आणि दिवसा झोपणे यांबरोबरच बीजस्वभाव, म्हणजे आनुवंशिक प्रकृती, हेही कारण सांगितले आहे. सुश्रुतसंहिता आणि पुढे माधवनिदान यांत मेदोवृद्धीच्या लक्षणांमध्ये क्षुद्रश्वास, अतिनिद्रा व 'क्रथन' यांचा उल्लेख येतो. श्वास अकस्मात अडणे असा 'क्रथन' या शब्दाचा अर्थ टीकाकारांनी दिला आहे. यावरून निद्राश्वसनरोधाचा शोध प्राचीन भारतात लागला होता, असे विधान करण्याचा मोह टाळलेला बरा. लक्षणे एका यादीत शेजारी मांडणे आणि त्यांतील कार्यकारणसंबंध ओळखणे या भिन्न गोष्टी आहेत. तथापि, स्थूल शरीर, झोप आणि अडणारा श्वास ही तीन लक्षणे एकत्र पाहणारी दृष्टी या ग्रंथांत आहे, एवढे निश्चितपणे म्हणता येते. मात्र हे वर्णन प्रौढाचेच आहे.

जो नावाचा मुलगा

चार्ल्स डिकन्स यांची 'द पिकविक पेपर्स' ही कादंबरी एप्रिल १८३६ ते नोव्हेंबर १८३७ या काळात मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध झाली. डिकन्स त्या वेळी अवघ्या चोवीस वर्षांचे होते. या कादंबरीत मिस्टर वॉर्डल या सुखवस्तू गृहस्थाच्या पदरी जो नावाचा एक नोकर-मुलगा आहे. लष्करी कवायतीच्या प्रसंगी तो प्रथम वाचकांसमोर येतो. तोफा धडाडत असताना हा मुलगा गाडीच्या पुढील बैठकीवर बसल्या जागी झोपलेला असतो. पुढे तो जेवण वाढताना घोरतो, निरोप घेऊन जाताना झोपतो, उभ्या उभ्याही झोपतो. जाग असेल तेव्हा खाण्यावाचून त्याला दुसरे काही सुचत नाही. त्याचा चेहरा लालबुंद आहे. एके ठिकाणी अंगावर सूज चढलेला पोरगा अशा अर्थाच्या नावाने त्याची थट्टा केली जाते. विसाव्या शतकातील वैद्यांनी ही पाने पुन्हा वाचली तेव्हा लाल चेहऱ्यात त्यांना प्राणवायूच्या अभावामुळे वाढलेल्या तांबड्या पेशी दिसल्या, तर सूज या शब्दात हृदयाच्या उजव्या बाजूवर पडलेला ताण दिसला. डिकन्स यांना यांपैकी काहीही ठाऊक असण्याचा संभव नव्हता. त्यांनी जे पाहिले ते लिहिले.

या वर्णनाच्या अचूकतेचे कौतुक अनेक वैद्यकीय लेखकांनी केले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र जो याच्याबरोबरच त्याच्याभोवतालच्या माणसांकडेही पाहणे आवश्यक आहे. वॉर्डल आपल्या नोकरावर चिडतो, हा पोरगा पुन्हा झोपला म्हणून ओरडतो आणि त्याच वेळी पाहुण्यांसमोर निसर्गाचे एक नवल म्हणून त्याला अभिमानाने मिरवितो. कादंबरीच्या अखेरच्या भागात वकिलाच्या कचेरीचा दरवाजा कोणी तरी अखंड ठोठावीत असल्याचा प्रसंग आहे. कारकून दार उघडतो तेव्हा पायपुसण्यावर जो डोळे मिटून उभा असतो. इतके का ठोठावलेस, असे विचारल्यावर कळते की, दार उघडेपर्यंत ठोठावणे थांबवू नकोस, नाही तर झोपशील, अशी मालकाचीच ताकीद होती. म्हणजे झोप त्या मुलाच्या इच्छेबाहेर आहे हे मालकाला पक्के ठाऊक आहे. तिच्यावर उपायही त्याने योजला आहे. असे असूनही त्या झोपेचे कारण विचारावे, असे कादंबरीतील कोणालाच वाटत नाही. वाचकालाही वाटत नाही, कारण तो हसत असतो.

मंद म्हणविली गेलेली मुले

जो याला विनोदाच्या प्रांतात सोडून वैद्यक पुढे गेले आणि वेगळ्याच दाराने लहान मुलाच्या झोपेपाशी पोहोचले. कोपनहेगनचे वैद्य विल्हेल्म मेयर यांनी १८६८ मध्ये नाकामागील ॲडिनॉइड ग्रंथींच्या वाढीचे पद्धतशीर वर्णन केले. तोंडाने श्वास घेणारी, कमी ऐकणारी आणि चेहऱ्यावर सुस्ती असलेली अशी ही मुले होती. ग्रंथी काढल्यावर त्यांच्यात लक्षणीय फरक पडत असे.

१८८९ मध्ये विल्यम हिल यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहिला. मुलांमधील मागासलेपणाची व मूर्खपणाची काही कारणे हा त्याचा विषय होता. शीर्षकातील शब्द आज कानाला खटकतात, परंतु लेखाचा रोख अत्यंत पुरोगामी होता. शाळेत ज्याला ढ ठरविले जाते ते मूल कदाचित रात्री नीट श्वास घेऊ शकत नसेल, हा विचार त्यात होता. इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्यानंतर प्राथमिक शिक्षणाचा विस्तार झाला आणि १८८० पासून ते सक्तीचे झाले, ही बाब येथे लक्षात घेतली पाहिजे. सर्व थरांतील मुले एका वर्गात, एका इयत्तेच्या मापाने मोजली जाऊ लागली तेव्हाच 'मागे पडलेले मूल' हा प्रकार ठळकपणे अस्तित्वात आला. शेतावर किंवा वॉर्डलच्या घरी झोपाळू मुलगा गमतीचा विषय होता, वर्गात मात्र तो एक प्रश्न झाला. तो प्रश्न शरीराचा आहे, असे म्हणणारे हिल अल्पमतात राहिले.

विल्यम ऑस्लर यांनी १८९२ च्या आपल्या सुप्रसिद्ध वैद्यकीय ग्रंथात टॉन्सिल्सच्या जुनाट वाढीवर लिहिताना अशा मुलाच्या रात्रीचे वर्णन केले आहे. झोप अस्वस्थ, श्वास मोठ्या आवाजाचा, मध्येच लांब विराम आणि त्यानंतर धापा, दिवसा चेहरा निस्तेज व बुद्धी मंद, हे सर्व त्यात आहे. आजच्या बालरोगतज्ज्ञाने त्यात भर घालावी असे फारसे उरत नाही. पुढील एका आवृत्तीत याच ऑस्लर यांनी, अतिस्थूल तरुणांमध्ये अनावर झोपेची प्रवृत्ती दिसते असे सांगताना पिकविकमधील मुलाची आठवण दिली. मात्र ही दोन निरीक्षणे एकाच ग्रंथात वेगवेगळ्या प्रकरणांत राहिली. टॉन्सिल्सवाल्या मुलाचा श्वास अडतो आणि स्थूल मुलाला झोप येते, या दोहोंच्या मुळाशी एकच अरुंद घसा असू शकतो, हे कोणीही मांडले नाही.

यानंतरचा कालखंड अधिकच चमत्कारिक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेत टॉन्सिल्सच्या शस्त्रक्रिया प्रचंड प्रमाणात झाल्या. त्यांमागील विचार जंतुसंसर्गाचा होता, श्वासाचा नव्हता. त्यामुळे असंख्य मुलांचा श्वासरोध बरा झाला असणार, पण तो आजार होता याची नोंदही झाली नाही. प्रतिजैविके आल्यानंतर या शस्त्रक्रिया कमी झाल्या. तोवर हिल व ऑस्लर यांचे निरीक्षण विस्मरणात गेले होते.

नाव मुलाचे, रुग्ण प्रौढ

१९५६ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये सिडनी बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख प्रसिद्ध झाला. बरवेल हे हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे माजी अधिष्ठाता होते. त्यांचा रुग्ण ५१ वर्षांचा एक व्यावसायिक होता. त्याचे वजन २६० पौंडांहून अधिक होते. पत्त्यांच्या डावात त्याच्या हाती तीन एक्के व दोन राजे आले असताना त्याला झोप लागली आणि हुकमी डाव हातचा गेला. वजन, दिवसाची सुस्ती, पायांवरची सूज हे सारे त्याने सहन केले होते. डाव गेला तेव्हा मात्र तो रुग्णालयात दाखल झाला. लेखकांनी जो याचे वर्णन उद्धृत करून या लक्षणसमूहास 'पिकविकियन सिंड्रोम' हे नाव रूढ केले.

हे नाव दोन अर्थांनी फसवे होते. पिकविक हा कादंबरीचा नायक, झोपाळू मुलगा तो नव्हे. मुलाचे स्वतःचे नाव विकाराला लाभले नाही, नोकराच्या वाट्याला ते बहुधा येत नसावे. दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. बरवेल यांच्या मते झोपेचे कारण रक्तात साठणारा कार्बन डायऑक्साइड हे होते. स्थूल शरीरामुळे श्वासोच्छ्वास अपुरा पडतो, असे त्यांचे विवेचन होते. हा प्रकार खरोखरच अस्तित्वात आहे, परंतु झोपेत घसा बंद होण्याचा भाग त्यांच्या लक्षात आला नाही. कारण सोपे आहे. रुग्णाची तपासणी तो जागा असताना झाली होती.

रात्रभर जागून झोपणाऱ्या माणसाचा श्वास मोजण्याचे काम १९६५ मध्ये फलद्रूप झाले. फ्रान्समध्ये मार्सेय येथे आंरी गास्तो व सहकारी आणि जर्मनीत युंग व कुह्लो यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, अशा रुग्णांचा श्वास झोपेत वारंवार थांबतो. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेत जॅकलिन नूनन यांनी 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात दोन मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. वाढलेल्या टॉन्सिल्समुळे त्यांच्या हृदयावर ताण आला होता आणि शस्त्रक्रियेनंतर तो नाहीसा झाला. एकाच वर्षी एका विद्याशाखेत झोपेतील श्वासरोध सापडला आणि दुसरीत मुलाच्या घशाचा हृदयाशी संबंध सापडला. दोन्ही शाखांची गाठ पडण्यास आणखी अकरा वर्षे लागली.

१९७६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रिश्चन गिलमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'पीडियाट्रिक्स'मध्ये ५ ते १४ वर्षे वयाच्या आठ मुलांची नोंद प्रसिद्ध केली. मोठ्याने घोरणे, दिवसा झोप, सकाळी डोकेदुखी, नव्याने सुरू झालेले अंथरूण ओले करणे, वाढता रक्तदाब आणि शाळेतील घसरण ही लक्षणे त्यांनी मांडली. ऑस्लर यांच्या वर्णनानंतर ८४ वर्षांनी मुलाच्या रात्रीस प्रयोगशाळेतील आलेखाचा पुरावा मिळाला.

स्थूल मुलाचे आगमन

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बालवयातील निद्राश्वसनरोधाचा त्या काळातील नमुनेदार रुग्ण स्थूल नव्हता. तो बहुधा कृश व वाढ खुंटलेला असे. रात्रभर श्वासासाठी झगडणाऱ्या शरीराची शक्ती त्यातच खर्च होई. स्थूल मूल या चित्रात ठळकपणे आले ते १९९० नंतर, जगभर मुलांची वजने वाढू लागल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार ५ ते १९ वयोगटात जादा वजनाचे (स्थूलतेसह) प्रमाण १९९० मध्ये सुमारे ८ टक्के होते, ते २०२२ मध्ये २० टक्क्यांवर गेले. सर्वसाधारण मुलांमध्ये निद्राश्वसनरोध १ ते ५ टक्क्यांच्या आसपास आढळतो. स्थूलतेमुळे हा धोका कित्येक पटींनी वाढतो, असे सुझन रेडलाइन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. अशा रीतीने जो अखेर वैद्यकीय साहित्यात मुलगा म्हणून परतला.

शिक्षणक्षेत्राच्या दृष्टीने या काळातील सर्वांत महत्त्वाचा अभ्यास डेव्हिड गोझल यांचा १९९८ चा होय. अमेरिकेतील पहिल्या इयत्तेतील, वर्गात गुणानुक्रमे शेवटच्या दहा टक्क्यांत असलेली २९७ मुले त्यांनी तपासली. त्यांपैकी ५४ मुलांमध्ये, म्हणजे सुमारे १८ टक्के मुलांमध्ये, झोपेतील श्वसनाचा दोष आढळला. २४ मुलांच्या टॉन्सिल्स व ॲडिनॉइड्सची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या इयत्तेत त्यांचे गुण सुधारले. ज्यांच्यावर उपचार झाले नाहीत त्यांच्या गुणांत तशी सुधारणा दिसली नाही. हिल यांनी १८८९ मध्ये जे म्हटले होते, त्यास आकड्यांचा आधार मिळाला.

तथापि पुढील संशोधनाने हे चित्र अधिक गुंतागुंतीचे केले, हेही प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांपैकी काहींवर लगेच शस्त्रक्रिया झाली, तर काहींना केवळ निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. शस्त्रक्रियेने झोप, वर्तन आणि जीवनमान सुधारले. अवधान मोजणाऱ्या प्रमाणित कसोटीत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. निरीक्षणाखालील गटातही ४६ टक्के मुलांचा आलेख सात महिन्यांत आपोआप पूर्ववत झाला. शिवाय स्थूल मुलांमध्ये शस्त्रक्रिया पुरेशी ठरत नाही. आठ केंद्रांतील ५७८ मुलांच्या २०१० मधील पाहणीत, ज्यांत स्थूल मुलांचे प्रमाण मोठे होते, विकार पूर्णपणे नाहीसा झालेल्या मुलांचे प्रमाण केवळ २७ टक्के होते. उरलेल्यांसाठी वजन घटविणे किंवा कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रथम वापरलेले, नाकावाटे हवेचा सतत दाब देणारे यंत्र, हे मार्ग उरतात. मुलाला रोज रात्री असा मुखवटा लावून झोपविणे किती कठीण असते, हे पालकच जाणोत.

आणखी एक बाब शिक्षकांच्या लक्षात सहसा येत नाही. प्रौढ रुग्ण दिवसा पेंगतो. लहान मूल मात्र अनेकदा पेंगत नाही, उलट ते चंचल, चिडखोर व अस्थिर होते. जो हा या दृष्टीने अपवादात्मक, टोकाचा रुग्ण होता. वर्गात शिक्षा मिळणारे खोडकर मूल आणि वर्गात हसे होणारे झोपाळू मूल ही दोन्ही एकाच विकाराची रूपे असू शकतात.

भारतीय संदर्भ

भारतात या विषयाचा क्रम पाश्चात्त्य इतिहासाचीच पुनरावृत्ती करताना दिसतो. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी मुंबईत केलेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रातील आरंभीच्या महत्त्वाच्या कामांपैकी होय. त्यात १९.५ टक्के व्यक्तींमध्ये झोपेतील श्वसनदोष आणि ७.५ टक्के व्यक्तींमध्ये लक्षणांसह विकार आढळला. अभ्यासाचा विषय शहरी, मध्यमवयीन पुरुष हा होता. येथेही प्रौढ आधी आला, मूल नंतर.

त्याच २००४ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये आपले दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा शरीर वस्तुमान निर्देशांक २२.३ इतका समान होता. युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. वजनकाट्यावर सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात मेद दडलेला असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सुधारित वाढ-आलेख स्वीकारले, तेव्हा जादा वजन व स्थूलता यांच्या मर्यादा प्रौढांच्या २३ व २७ या निर्देशांकांशी जुळवून, म्हणजे पाश्चात्त्य मर्यादांपेक्षा खाली, ठेवल्या. निद्राश्वसनरोधाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, जो याच्यासारखा डोळ्यांत भरणारा मुलगा शोधत बसल्यास भारतीय मूल नजरेतून सुटण्याचा संभव अधिक आहे.

दुसरीकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके खुरटलेली, तर ३.४ टक्के बालके जादा वजनाची आढळली. ज्या समाजाच्या स्मृतीत दुष्काळ व उपासमार ताजी आहे, तेथे गुटगुटीत बाळाचे कौतुक होणे स्वाभाविक आहे. गुटगुटीत बालक स्पर्धांची परंपरा त्याच भावनेतून आली. मराठी घरांत मूल घोरू लागले की ते गाढ झोपले आहे, दमले आहे असे समजून पांघरूण सारखे केले जाते. सकाळी ते उठेना झाले की त्याला कुंभकर्ण म्हटले जाते. रामायणातील कुंभकर्णाची निद्राही मूलतः वराच्या फसलेल्या शब्दांचे फळ होते, त्याच्या आळसाचे नव्हे. ही बाब ते नाव ठेवताना कोणाच्या ध्यानात राहत नाही.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००२ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये अशी शिफारस केली की, प्रत्येक मुलाच्या नियमित तपासणीत ते घोरते का, हा प्रश्न विचारला जावा. निदानाची खात्री रात्रभराच्या निद्राचाचणीने करावी लागते. अशा चाचणीची सोय महानगरांबाहेर आजही विरळ आहे. प्रश्न विचारण्यास मात्र प्रयोगशाळा लागत नाही. वॉर्डलच्या घरातील प्रत्येकाने जो याचे घोरणे ऐकले होते.